सगळं 'वर्ल्ड म्युझिक' सारखंच वाटतंय? आधी दाद कुठे जाते ते बघा

प्रश्न सगळा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हे गृहस्थ नाशिकचे, कान लहानपणापासून ख्याल, नाट्यसंगीत, अभंग यावर पोसलेला, गेले काही महिने सकाळी चालायला जाताना 'वर्ल्ड म्युझिक'च्या प्लेलिस्ट लावतायत, सुरुवातीला भारी वाटलं आणि आता सगळं एकसारखं, स्पामध्ये हळू आवाजात लावलेलं असतं ना तसलं गुळगुळीत वाटतंय. शब्द कळत नाहीत. त्यांचं विचारणं असं की माझ्या कानातच काही कमी आहे का, थिअरी शिकावी लागेल का, हेडफोन कुठला घेऊ, आणि घरचे वैतागलेत त्यांचं काय करू.

मी तबला शिकवतो, साथ करतो, आणि महिन्यातून एकदा आमच्याकडे विद्यार्थी नि मित्रमंडळी जमून बाहेरच्या देशांतलं काहीतरी ऐकतो, हे बरीच वर्षं चाललंय. खाली जे लिहितोय ते त्या बैठकांमधून आलेलं. मी गाणारा असतो तर कदाचित वेगळीकडून सुरुवात केली असती, तेवढं धरून चाला.

आधी शब्दांचं बाजूला ठेवू, कारण ती अडचण नाहीये. भीमसेनजींची कन्नड दासवाणी आपल्याकडे किती घरांत लागते, त्यातल्या कितीजणांना कन्नड येतं? ख्यालाच्या बंदिशीतली ब्रज तरी कुठे पूर्ण कळते, अर्धे शब्द तर गायकच खातात, तरी आपण तासभर मांडी ठोकून बसतोच की. कारण तिथे कशाची वाट बघायची हे कानाला ठाऊक असतं. मुखडा कसा पकडणार, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येणार, तार षड्जाला हात घालायच्या आधी किती वेळ झुलवणार, हे सगळं न शिकता शिकलेलं असतं, आणि मान बरोबर जागेवर हलते. परक्या संगीतात मान कुठे हलवायची हेच माहीत नसतं, मग कान नुसता नाद ऐकतो, नाद गोड असतो, आणि दहा गोड नाद एकापाठोपाठ ऐकले की अकरावा कशाला वेगळा वाटेल?

त्यात भर प्लेलिस्टची. 'वर्ल्ड म्युझिक' नावाचा संगीतप्रकारच नाहीये मुळात, ते दुकानातल्या रॅकचं नाव आहे. म्हणजे अगदी खरोखर. अभ्यासक मंडळी हा शब्द आधीपासून वापरत होती, पण बाजारात तो आला तो १९८७ च्या जूनमध्ये, लंडनमधल्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली तेव्हापासून. त्यांच्यापुढे सवाल एवढाच होता की मालीची, बल्गेरियाची, पाकिस्तानची रेकॉर्ड दुकानदाराने ठेवायची कुठल्या खान्यात. ग्रॅमीवाल्यांनी १९९२ पासून ह्या नावाचं बक्षीस सुरू केलं, पहिलंच अमेरिकन ड्रमर मिकी हार्टच्या 'प्लॅनेट ड्रम'ला मिळालं ज्यात आपले झाकीरभाई होते, आणि २०२० मध्ये त्यांनी 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' केलं. पाटी बदलली, खाना तोच. प्लेलिस्ट बनवणारा मग ह्या खान्यातून कुणालाच टोचणार नाही असं मध्यम लयीतलं वेचून एकापुढे एक लावतो. तेव्हा तुम्हाला सारखं वाटतंय ते कानाचा दोष म्हणून नाही, निवडलंयच तसं त्याने.

आता माझा उपाय. कुठलंही नवं संगीत घेतलं की मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: तिथला जाणकार श्रोता दाद कुठे देतो, आणि कशाला देतो. राग कुठला, ताल किती मात्रांचा, वाद्य कशाचं, हे सगळं नंतर. दादेची जागा सापडली की कान आपोआप तिची वाट बघायला लागतो, आणि वाट बघायला लागला की संगीत गुळगुळीत राहत नाही.

हे सगळ्यात सोपं पडतं ते अरबी गाण्यात, कारण तिथे श्रोते गप्प बसतच नाहीत. इजिप्तच्या उम्म कुलसूमचं कुठलंही लाइव्ह रेकॉर्डिंग काढा. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल कैरोहून रेडिओवर लागायची, कित्येक वर्षं, अरबी बोलणाऱ्या अर्ध्या जगाचे कान तिकडे असायचे. एक गाणं कधी कधी तासभर चालतं. स्टुडिओतलं छोटं व्हर्जन नका घेऊ, मैफलीतलंच घ्या, आणि पहिल्यांदा ऐकताना त्यांच्याकडे लक्षच देऊ नका, लोकांकडे द्या. बाई एक ओळ म्हणतात, लोक शांत. तीच ओळ परत, थोडी वळवून, कुठून तरी एक 'अल्लाह!' येतो. तिसऱ्यांदा तीच ओळ, आता मधला एक शब्द ताणून, सूर खाली उतरवत उतरवत घरी आणून टेकवतात आणि सगळं थिएटर फुटतं, टाळ्या, आरडाओरडा, वाद्यवृंदाला थांबावं लागतं, आणि मग त्या तीच ओळ पुन्हा घेतात कारण लोक सोडत नाहीत. ते टेकणं म्हणजे त्यांचा कफला, दादेची हुकमी जागा. ठुमरीत बोल बनवणं ऐकलंय ना तुम्ही, एकच ओळ दहा अंगांनी? मग तुम्हाला तिथे बसायला पाचच मिनिटं लागतील. १९६४ चं 'इन्ता उमरी' हे मोहम्मद अब्देल वहाब यांनी त्यांच्यासाठी केलेलं पहिलं गाणं, त्यापासून सुरुवात करा, फक्त सुरुवातीचं वाद्यसंगीत लांबलचक आहे आणि त्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार आहे, दचकू नका.

एक गोष्ट मात्र सुरुवातीला खटकणार. आमच्या बैठकीत एक हार्मोनियमवाले मित्र येतात, त्यांना सवय अशी की काही लागलं की बोटं मांडीवर पट्ट्या शोधायला लागतात. एकदा रास्त मकामातलं (मकाम म्हणजे अरबी संगीतातला राग म्हणा हवं तर) काहीतरी लावलं होतं, हे पेटी घेऊन बसले, सा सापडला, रे सापडला, आणि गंधार काही मिळेना. कोमल दाबला की ढाला वाटे, शुद्ध दाबला की चढा. बराच वेळ दोन पट्ट्यांमध्ये बोट नाचवून शेवटी भाता बंद केला आणि म्हणाले, "ही बाई बेसूर तरी आहे, नाहीतर माझी पेटी." पेटीच. रास्तचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या साधारण मध्ये बसतो, आणि तो तिथे अगदी नेमका लावणं ह्यालाच तिथले लोक सुरेल म्हणतात. दरबारीतला झुलता गंधार पेटीत नाही म्हणून आपण दरबारीला बेसूर म्हणत नाही. हा स्वर आठवडाभर कानावरून गेला की खटकायचा थांबतो, आणि मग एक दिवस उलटंच होतं, साधा शुद्ध गंधार ऐकून जरा कोरडा वाटतो.

आता पश्चिम आफ्रिका, जे मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

मालीचा कोरा तुमच्या प्लेलिस्टवर नक्की असणार, तुम्ही 'हार्पसारखं काहीतरी' लिहिलंय तेच ते. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, मधून एक लांब दांडा, आणि एकवीस तारा, डावीकडे अकरा, उजवीकडे दहा. तारा हल्ली मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या असतात. वाजवणारा वाद्य स्वतःकडे तोंड करून धरतो, दोन लाकडी मुठी पकडून, त्यामुळे वाजवायला मोकळी राहतात फक्त चार बोटं: दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. आणि खरी गंमत इथे आहे. अंगठे खालच्या सुरांत एक छोटी आकृती फिरवत राहतात, तिला कुम्बेंगो म्हणतात, ती थांबत नाही. तर्जन्या वरच्या सुरांत मधूनच झरझर उतरणाऱ्या ताना सोडतात, ते बिरिमिंतिंगो. प्लेलिस्टवर चालता चालता ऐकलं की हे सगळं मिळून एक गोड झिरमिर होतं. बसून ऐका, फक्त अंगठे ऐका, वरचं काहीही झालं तरी खालची आकृती सोडायची नाही. आपण लेहरा, म्हणजे तबल्यासोबत सतत फिरणारी सुरावट, धरून तबला सोलो ऐकतो तसंच. लेहरा हातातून सुटला तर पेशकार काय आणि रेला काय, सगळा नुसता कडकडाट.

पण लेहऱ्यात आणि ह्यात एक फरक आहे ज्याने माझे विद्यार्थी हमखास गोंधळतात. कोरा सुरू झाला की त्यांची बोटं मात्रा मोजायला लागतात आणि थोड्या वेळाने एकजण दोनाची लय धरून बसलेला असतो, दुसरा तिनाची, आणि दोघं एकमेकांकडे संशयाने बघतायत. दोघंही बरोबर असतात. सहा मात्रा घ्या, दादरा मोजतो तशा तीन-तीन मोजा, मग त्याच सहा दोन-दोन-दोन मोजा. मांडीवर एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरं एकाच वेळी करून बघा, जमायला वेळ लागेल पण जमलं की मजा आहे. मांदे लोकांच्या, म्हणजे माली आणि आसपासच्या ह्या कोरावाल्या लोकांच्या, बऱ्याचशा संगीतात ह्या दोन्ही लयी एकत्र चालू असतात आणि वाजवणारा तुम्हाला कधी ह्या बाजूला ओढतो कधी त्या. 'एक' कुठे आहे हे ठामपणे सांगायची त्याला घाईच नसते. समेची सवय झालेल्या आपल्या कानाला हे आधी अस्वस्थ करतं, तबलजीला तर फारच.

आणि दाद? कोरा वाजवणारी घराणी जेलींची, म्हणजे वंशपरंपरेने इतिहास सांगणाऱ्या, राजांची नि कुळांची स्तुती गाणाऱ्या लोकांची. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंदियाता केईतापासूनच्या वंशावळी ह्यांच्या तोंडी. जेली बोलत असतो तेव्हा शेजारचा माणूस मधे मधे 'नामू' 'नामू' म्हणत राहतो, आपल्याकडे पोवाड्यात झीलकरी जी जी करतात ना तसं, त्याशिवाय सांगणाऱ्याला रंगच चढत नाही. लग्नात, बारशात जेली गायिका एखाद्याच्या कुळाचं नाव घेऊन त्याच्या पूर्वजांचं गायला लागते तेव्हा तो माणूस उठून तिला पैसे देतो, तिथे दाद अशी जाते. म्हणजे आपल्याला जी झरझर तान ऐकून वाहवा म्हणावंसं वाटतं ती तिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या लेखी ठीक आहे, पण त्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते आजोबांचं नाव निघाल्यावर. हे कळल्यावर मी ऐकतो ते बदललं. नुसतं वादन असलं तरी ती चाल कुठल्यातरी माणसाची असते, तिला नाव असतं, ते नाव एकदा वाचून घेतो.

सुरुवात कशाने करायची तर तुमानी दियाबातेंचा १९८८ चा 'काइरा'. एकट्याचा कोरा, वर काहीही चिकटवलेलं नाही, त्यामुळे अंगठे आणि तर्जन्या वेगळ्या काढायचा सराव ह्याच्यावरच करावा. त्यांच्या घराण्यात सत्तरहून जास्त पिढ्या कोरा आहे असं ते सांगायचे. २०२४ च्या जुलैमध्ये गेले, साठीही गाठली नव्हती. त्यानंतर 'इन द हार्ट ऑफ द मून', २००५ चा, त्यात तुमानी आणि मालीतल्याच नीआफुंके गावचे गिटारवाले अली फार्का तुरे, राजधानी बामाकोतल्या एका हॉटेलात बसून वाजवलंय, तालमी वगैरे फारशा नाहीत, नुसत्या जुगलबंदीच्या गप्पा. जुगलबंदी म्हटलं तरी कुस्ती नाहीये त्यात, कोणी कोणाला चीत करत नाही. पहिल्या दिवशी कंटाळा येईल कदाचित. चौथ्या दिवसापर्यंत धीर धरा.

अजून एक. कोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जुन्या पद्धतीत एक पत्र्याचा तुकडा लावतात, कड्या अडकवलेला, तो प्रत्येक आघाताला झणझणतो. बाहेरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो बऱ्याचदा काढून टाकलेला असतो, 'नॉइज' म्हणून. आपल्याला ह्याचं नवल वाटायचं कारण नाही, जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, काढून तंबोरा ऐकायला कोण तयार होईल? कुठे गावातलं झणझणणारं रेकॉर्डिंग मिळालं तर सोडू नका.

बाकीचं जरा भराभर सांगतो.

जावाचं गामेलान, म्हणजे घंटा नि धातूच्या पट्ट्यांचा वाद्यवृंद, आवडेलच असं नाही, पण तालाची आवड असेल तर एकदा तरी ऐकाच, कारण तिथे आवर्तनाचं वजन शेवटावर असतं. मोठी घंटा, गाँग, आवर्तन संपताना पडते. आपणही समेवर पोचतोच, पण पोचलो की तिला 'एक' म्हणून पुढे मोजायला लागतो, तिथे तो ठोका शेवटचा धरतात. सुरुवातीला माझं डोकं सारखं त्या घंटेपासून मोजायला लागायचं, मग ठरवून तिच्यापर्यंत मोजायला लागलो आणि सगळं चित्रच फिरलं. बालीत तर अजून कहर, तिथे जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम एकमेकांपासून किंचित ढळती लावतात म्हणजे एकत्र वाजली की आवाज थरथरतो. जोडीच्या तारा जुळवताना तो थरथराट घालवण्यात आपला जीव जातो, ह्यांना तोच हवा असतो!

रशियात, सायबेरियाच्या दक्षिणेला असलेल्या तुवाचं खर्जातलं गाणं, एकाच गळ्यातून एकदम दोन सूर काढतात ते, मराठी माणसाला पटकन कळतं. तंबोऱ्यात न छेडता आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ऐकलेला असतो ना आपण, हे लोक तेच तोंडाच्या पोकळीने करतात, तळाचा सूर धरून त्यातला वरचा एकेक अंश शिट्टीसारखा पुढे आणतात. हून-हूर-तू नावाचा ग्रुप बघा. मिरजेच्या तंबोऱ्यावर वाढलेल्याला ह्यात परकं काही नाही.

आणि फाडो, पोर्तुगालमधल्या लिस्बनचं हुरहुर लावणारं गाणं. इथे दादेचा प्रकार बरोब्बर उलटा. दिवे मंद करतात आणि लोकांनी गप्प बसायचं, अगदी काटाचमचासुद्धा वाजता कामा नये, गाणं संपेपर्यंत. ती शांतता हीच दाद. कोइंब्रा शहरातल्या फाडोत तर जुनी रीत अशी की टाळ्या नाहीत, घसा खाकरायचा. हे तुम्हाला विमानाशिवाय ऐकायला मिळेल, गोव्यात फाडो गाणारे आहेत, सोनिया शिरसाट यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पणजीच्या बाजूला छोट्या बैठका होतात. नाशिकहून एक रात्रीचा प्रवास. बारा तारांची पोर्तुगीज गिटार समोर पाच फुटांवर वाजताना ऐकणं आणि फोनवर ऐकणं ह्याची तुलनाच होत नाही.

आता एक सवय जी आपल्या जाणकार मंडळींत फार असते आणि तुमच्या प्रश्नातही डोकावलीय: "हा तर यमनच वाटला मला." कोऱ्याच्या तारा जुळवायची साउता नावाची एक पद्धत आहे तिच्यात तीव्र मध्यम येतो, त्यामुळे यमन, कल्याण आठवणारच. अरबी हिजाझ मकाम ऐकून भैरव आठवतो. आठवू द्या, पहिल्या दिवशी हाताला धरायला काहीतरी लागतं. पण तिथेच बसलात तर तुम्ही कोरा ऐकत नसून कोऱ्यावर यमन शोधताय, आणि तो यमन अर्थातच कच्चा वाटणार, कारण बिचारा यमन नाहीचे. आमच्याकडे नियम आहे, पहिल्या दोन बैठकांत रागाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर चहा त्याने करायचा. आमचे पेटीवाले मित्र खूप चहा करतात.

थिअरीचं विचारलंत, तर ते तुमच्यावर आहे. तुम्ही स्वतः गात-वाजवत असाल तर थोडी कामाला येते, कारण हात काहीतरी करून बघायला मागतात. नुसते ऐकणारे असाल तर आधी वाचू नका. ऐका, मग अडेल तिथे वाचा. शब्दांचा अर्थही तसाच, तीन-चारदा ऐकून झाल्यावर एकदा ढोबळ अर्थ बघून घ्यायचा. कव्वालीसाठी मात्र हे काहीच नको, पाकिस्तानचे कव्वाल नुसरत फतेह अली खानसाहेब तुम्हाला वर्ल्ड म्युझिकच्या खान्यात सापडले असले तरी ते आपल्या शेजारच्याच आळीतले.

आणि सकाळच्या फेरीत फक्त करमणूक हवी असेल तर प्लेलिस्ट चालूच ठेवा की, त्यात वाईट काय आहे. पण तुम्ही इतका लांब प्रश्न लिहिलात म्हणजे तेवढ्याने भागत नाहीये. तर मग असं करा: एक प्रांत, एक माणूस, एक अल्बम, तीन आठवडे. पहिला आठवडा घरात बसून, दिवसाला एकच ट्रॅक, लोकांचा आवाज असलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर आधी तेच. दुसऱ्या आठवड्यापासून तोच अल्बम चालताना. कुठेतरी मान आपोआप हलेल, ती जागा लक्षात ठेवा आणि परत जाऊन बघा, तिथले लोकही तिथेच हलतायत का. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर त्याहून उत्तम, कारण मग शोधायला काहीतरी मिळालं.

हेडफोनवर फार पैसे घालवू नका. साधे वायरवाले, कान पूर्ण झाकणारे कुठलेही बरे चालतील. फक्त फोनच्या स्पीकरवर कोरा ऐकू नका, अंगठ्यांचे खालचे सूर त्यात येतच नाहीत, आणि मग नुसती झिरमिर उरते, जिचा तुम्हाला कंटाळा आलाय.

घरच्यांचं म्हणाल तर तुवा आणि बाली हेडफोनवरच ठेवा, संसार महत्त्वाचा. सगळ्यांसाठी लावायचं असेल तर सेझारिया एव्होरा. आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या केप व्हर्दे बेटांवरच्या मिंदेलो गावच्या बाई, स्टेजवर अनवाणी उभ्या राहून गायच्या, आवाज एकदम घरगुती, घाई नाही, ओरडणं नाही. १९९२ चा 'मिस परफुमादू' रात्रीच्या जेवणाला हळू लावा, काय लावलंय हे सांगू नका. आमच्याकडे आईला कुमारांशिवाय दुसरं काही चालत नाही, तिने दोन-तीन गाणी झाल्यावर विचारलं होतं, ही कोण गं, बरी गाते.